डीएलबीसीएलचा क्लेम पुन्हा परत आलाय? कोडबुक उघडण्याआधी हे बघा

मंगळवारी सकाळी लॉग-इन केलं की क्लायंटकडून परत आलेल्या क्लेमची, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवलेल्या बिलांची, शीट समोर असते. ऑन्कोलॉजीची टॅब उघडली की तोच जुना पाहुणा पाय पसरून बसलेला: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिंफोमा, लसिका ग्रंथींचा (लिंफ नोडचा) एक कॅन्सर, म्हणजे आपला डीएलबीसीएल. मी पुण्यात बसून अमेरिकन हॉस्पिटलांचं कोडिंग, म्हणजे क्लेमवर पेशंटच्या निदानाला दिलेले कोड, तपासते. हा एकच बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता चार्ट उघडण्याआधीच हात कुठे घालायचा ते कळतं. नव्या मुलामुलींना तोंडी सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते.

‘हा कोड का दिलास?’ असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. ‘मॅम, मागच्या व्हिजिटलाही हाच होता.’ रक्तदाबाच्या पेशंटमध्ये हे बऱ्याचदा खपून जातं. लिंफोमात पेशंट आधी नुसती गाठ घेऊन येतो, मग बायोप्सी होते, मग केमो, मग स्कॅन, मग नुसतीच तपासणी. आणि दर टप्प्याला कोड बदलतो. मागचा कोड उचलून पुढे चिकटवला की तो आज ना उद्या परत येणारच.

(कोड मी इथे देवनागरीत लिहितेय. सिस्टीममध्ये अर्थात रोमन अक्षरंच घाला. सी८३.३ए मधला ‘ए’ म्हणजे रोमन वर्णमालेतलं पहिलं अक्षर.)

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढचं वाचा:

- क्लेम क्लिअरिंग हाऊसमधूनच (क्लेम तपासून पुढे पोचवणारी मधली संस्था) उलटा फिरला, किंवा पेअरकडून, म्हणजे पैसे देणाऱ्या विमा कंपनीकडून, डिनायल (नकार) १४६ लागून आला. म्हणजे त्या तारखेला तो निदानाचा कोड वैधच नव्हता.
- डिनायल ११, म्हणजे निदान आणि केलेली प्रोसिजर यांचा मेळ बसत नाही. किंवा ५०, म्हणजे उपचाराची वैद्यकीय गरज पटली नाही. रिटुक्सिमॅबसारख्या महागड्या औषधाच्या बिलावर हे दोन्ही हमखास दिसतात.
- ऑडिटमध्ये ‘अनस्पेसिफाइड’चा शेरा. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये नाव स्वच्छ लिहिलेलं आणि कोड मात्र सी८५.९०, म्हणजे नुसता नॉन-हॉजकिन लिंफोमा.
- एकाच पेशंटच्या तीन व्हिजिटना तीन कोड, आणि मध्ये चार्टमध्ये काहीच बदललेलं नाही. किंवा याच्या उलट: सगळं बदललं आणि कोड तसाच.
- पेशंटच बिलिंग ऑफिसला फोन करून विचारतो, ‘डॉक्टर म्हणाले आजार आटोक्यात आला, मग कागदावर अजून तेच कसं?’ हा फोन आपल्यापर्यंत पोचायला दोन महिने लागतात आणि तोवर आणखी दोन क्लेम तसेच गेलेले असतात.

आता तपासण्या. क्रम मुद्दाम असा लावलाय की पहिल्या दोनमध्ये कुणाला विचारावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि पाच मिनिटांत काम होतं. खाली जाल तसा वेळ वाढत जातो.

१. तारीख बघा

१ ऑक्टोबर २०२४ ही तारीख मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा. अमेरिकेतलं कोडिंगचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि त्या दिवशी लिंफोमाच्या प्रकरणात बरीच उलथापालथ झाली. सी८३.३९ हा कोड त्या दिवसापासून एकटा चालत नाही, त्याला सहावं अक्षर लागतं. सी८३.३९० म्हणजे प्रायमरी सीएनएस लिंफोमा, मेंदूत किंवा मज्जारज्जूत सुरू झालेला. सी८३.३९८ म्हणजे नोडबाहेरचे बाकीचे अवयव. त्याच दिवशी सी८३.३ए हा रेमिशनचा, म्हणजे आजाराची चिन्हं मावळल्याचा, कोडही आला. तोवर डीएलबीसीएलमध्ये रेमिशन सांगायला स्वतंत्र कोडच नव्हता.

आउटपेशंटमध्ये (भरती न होता उपचार) सेवा दिली ती तारीख धरायची. इनपेशंटमध्ये (भरती होऊन उपचार) डिस्चार्जची. पेशंट २८ सप्टेंबर २०२४ ला भरती झाला आणि ३ ऑक्टोबरला घरी गेला, तर नवे कोड लागू. भरतीची तारीख बघून जुना कोड दिला की १४६ घरपोच.

उलटी चूकही होते, आणि ती हुशार मुलं करतात. ऑगस्ट २०२४ चा जुना क्लेम आज दुरुस्त करायला घेतला आणि हाताला सवयीने सी८३.३९८ आला. त्या तारखेला हा कोड जन्मालाच आला नव्हता. एन्कोडरमध्ये, म्हणजे कोड शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, वर कोपऱ्यात तारखेचा चौकोन असतो, तो आधी भरा आणि मग शोधा. तो रिकामा ठेवला की सॉफ्टवेअर गुपचूप आजची तारीख धरतं.

२. कोड पूर्ण लांबीचा आहे का, आणि कुठल्या पुस्तकातला आहे

आपल्याकडे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम करून आलेल्यांना ही सवय असते. भारतात जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या कोडचं पुस्तक, वापरतात. तिथे डीएलबीसीएलला सी८३.३ एवढं लिहिलं की झालं. अमेरिकेच्या सीएम आवृत्तीत ते अर्धवट आहे, पाचवं अक्षर लागतंच.

दुसरा गोंधळ ९६८०/३ या आकड्याचा. बायोप्सीच्या किंवा कॅन्सर रजिस्ट्रीच्या कागदावर तो दिसतो आणि कुणीतरी तो निदानाच्या रकान्यात टाकायला बघतं. तो आयसीडी-ओ मधला मॉर्फॉलॉजी कोड आहे, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसल्या ते सांगणारा. रजिस्ट्रीचं काम त्यावर चालतं. मुंबईची किंवा बार्शीची कॅन्सर रजिस्ट्री असो, अमेरिकेतली असो, हा आकडा तिथे कामाचा. क्लेमवर नाही. पण एक गोष्ट: तो आकडा दिसला तर निदानाचं नाव पडताळायला उपयोगी पडतो. ९६८० डीएलबीसीएलचा, ९६९० फॉलिक्युलरचा, ९६७३ मँटल सेलचा. कोड सी८३.३ आणि मॉर्फॉलॉजी ९६७३ असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय.

३. निदानाचं नाव कुठून घेतलंत?

इथून खरं काम सुरू होतं. प्रॉब्लेम लिस्ट, म्हणजे चार्टमधली पेशंटच्या आजारांची यादी, बंद करा. खरंच बंद करा, ती टॅबच मिटवा. तिथे ‘लिंफोमा’ एवढंच असतं आणि ते तीन वर्षांपूर्वी कुणीतरी टाकलेलं असतं. पॅथॉलॉजी रिपोर्ट उघडा आणि शेवटचं पान बघा. ‘फायनल डायग्नोसिस’ आणि त्याखाली अॅडेंडम, म्हणजे नंतर जोडलेली पुरवणी. पहिला रिपोर्ट ‘लिंफोप्रोलिफरेटिव्ह डिसऑर्डर, पुढील तपासणी चालू’ म्हणतो आणि आठवड्याने आलेलं अॅडेंडम डीएलबीसीएल म्हणतं, असं सर्रास घडतं. आपला कोडर पहिलं पान वाचून पुढे गेलेला असतो.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची लांबलचक यादी बघून घाबरू नका. सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी१०, बीसीएल६, मम१, केआय-६७ अमुक टक्के. जर्मिनल सेंटर की नॉन-जर्मिनल सेंटर, हा फरक डॉक्टरांच्या कामाचा आहे. कोड त्याने हलत नाही. सी८३.३ खाली इम्युनोब्लास्टिक, सेंट्रोब्लास्टिक, प्लाझ्माब्लास्टिक, टी-सेल रिच, सीडी३० पॉझिटिव्ह हे सगळे प्रकार टॅब्युलर लिस्टमध्ये, म्हणजे कोडबुकातल्या क्रमवार यादीत, छापलेलेच आहेत. नवखी मुलं ‘टी-सेल रिच’ वाचून थेट सी८४ मध्ये, टी-सेलच्या घरात शिरतात. नावात टी-सेल असला तरी आजार बी-सेलचाच आहे.

एक नाव मात्र वेगळं ठेवायचं. ‘प्रायमरी मेडिआस्टायनल लार्ज बी-सेल लिंफोमा’ असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर तो सी८५.२ मध्ये जातो, आणि सी८३.३ खाली त्यासाठी ‘एक्सक्लूड्स वन’ची पाटी आहे, म्हणजे हे दोन कोड एकत्र द्यायचे नाहीत. छातीतल्या नोडमध्ये डीएलबीसीएल सापडला तर तो सी८३.३२. दोन्हीकडे स्कॅनमध्ये छातीत मोठी गाठ दिसते, दोन्हीकडे ‘लार्ज बी-सेल’ शब्द आहेत. स्कॅन बघून ठरवायला आपण डॉक्टर नाही. त्यांनी शब्द कुठला वापरलाय एवढंच बघायचं.

आता इनपेशंट-आउटपेशंटचा फरक. यावर आमच्या फ्लोअरवर दर पंधरा दिवसांनी एक भांडण ठरलेलं. आउटपेशंटमध्ये पॅथॉलॉजिस्टने सही केलेला अंतिम रिपोर्ट कोडिंगच्या वेळी हातात असेल तर त्यातलं पक्कं निदान घेता येतं. इनपेशंटमध्ये नाही. तिथे उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या नोटमध्ये ते निदान उतरवलेलं लागतं. पॅथॉलॉजीत डीएलबीसीएल आणि डिस्चार्ज समरीत ‘लिंफोमा, ऑन्कोलॉजीला रेफर’ एवढंच, तर क्वेरी टाका, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारा. आपण होऊन जोडायचं नाही.

आणि ‘सस्पेक्टेड’, ‘प्रॉबेबल’, ‘कन्सिस्टंट विथ’ हे शब्द. आउटपेशंटमध्ये यांच्यावर लिंफोमाचा कोड द्यायचा नाही, जे दिसतंय ते कोड करा. मानेतले नोड वाढलेत तर आर५९.०. इनपेशंटमध्ये डिस्चार्जच्या वेळी तेच शब्द राहिले असतील तर नियम म्हणतो की आजार आहे असं धरा. हा नियम पहिल्यांदा ऐकल्यावर मलाही विचित्र वाटला होता. पण तो तसाच आहे, आणि त्यावरून रात्री दोन वाजता वाद घालण्यात अर्थ नाही. आउटपेशंटमध्ये ‘सस्पेक्टेड’वर सी८३.३ देण्याचा दुसरा तोटा पैशांपलीकडचा आहे. नुसती गाठ दाखवायला आलेल्या माणसाच्या रेकॉर्डवर कॅन्सर चढतो आणि तो काढताना जीव जातो.

४. जागा

पाचवं अक्षर जागा सांगतं. ० जागा दिलेली नाही, १ डोकं-चेहरा-मान, २ छातीच्या आत, ३ पोटाच्या आत, ४ काख आणि हात, ५ जांघ आणि पाय, ६ ओटीपोट, ७ प्लीहा, ८ एकापेक्षा जास्त ठिकाणचे नोड, ९ नोडबाहेरचे अवयव.

प्लीहेवर थांबा. ‘नोडच्या बाहेर’ म्हणून तिला ९ मध्ये ढकलतात. तिला स्वतःचा ७ आहे.

शून्य दिसला की मी चार्ट पुन्हा उघडतेच. बायोप्सी मानेतल्या नोडची झाली, डॉक्टरांची नोट मान आणि काख दोन्ही म्हणते, आणि कोड सी८३.३०? हा आळस आहे, बाकी काही नाही. इथे ८ हवा. पण ‘स्टेज तीन’ वाचून आपल्या मनाने ८ लावू नका. स्टेजचा अर्थ आपल्याला कळतो हे खरं, तरी कोडला जागेचं नाव लागतं आणि ते चार्टमध्ये असतंच, दोन नोट मागे जायची तयारी हवी.

आता या अख्ख्या विषयातली सगळ्यात महागडी चूक. लिंफोमा फुप्फुसात गेला, मेंदूत गेला, अॅड्रिनलमध्ये गेला. कोडर बाकी कॅन्सरच्या सवयीने सी७८ किंवा सी७९ मधला सेकंडरीचा, म्हणजे दुसरीकडे पसरलेल्या कॅन्सरचा, कोड जोडतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ते बरोबर असतं. लिंफोमात चूक. गाइडलाइनमध्ये साफ लिहिलंय की लिंफाच्या ऊतीतला कॅन्सर नोडबाहेर पसरला तर त्याच गटातला ‘९’ वापरायचा, सेकंडरीचा कोड द्यायचा नाही. म्हणजे डीएलबीसीएल फुप्फुसात गेला तर सी८३.३९८.

मेंदूत गेला तर? इथे दहातले आठ जण सी८३.३९० लावतात, कारण एन्कोडरमध्ये ‘ब्रेन’ टाकलं की तोच वर येतो. पण ३९० प्रायमरीसाठी आहे, तिथेच सुरू झालेल्यासाठी. मानेतून किंवा पोटातून मेंदूत पसरला तो ३९८. नोटमध्ये ‘सीएनएस लिंफोमा’ एवढंच असेल आणि प्रायमरी की पसरलेला हे कुठेच नसेल, तर क्वेरी. अंदाज नको.

५. आजार आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे

परत आलेल्या चार्टमध्ये हात घातला की सगळ्यात जास्त वेळा बोट इथेच लागतं, म्हणून जरा सविस्तर.

तीन शक्यता आहेत. आजार चालू आहे: जागेचा कोड. रेमिशनमध्ये आहे: सी८३.३ए. होता, आता नाही, उपचारही नाहीत आणि डॉक्टर स्वतः ‘हिस्टरी ऑफ’ म्हणतात: झेड८५.७२. तिघांची दारं वेगळी आहेत आणि कुठल्या दारातून जायचं ते डॉक्टर ठरवतात.

मागे माझ्याकडे आलेला एक चार्ट सांगते. नोव्हेंबर २०२४ ची व्हिजिट. नोटमधली ओळ अशी: ‘डीएलबीसीएल, आर-चॉपच्या सहा सायकल पूर्ण, पेटमध्ये डोव्हिल २, एनईडी, तीन महिन्यांनी पुन्हा बोलवा.’ (आर-चॉप ही औषधांची ठरलेली जोडणी, एनईडी म्हणजे आजाराचा पुरावा दिसत नाही.) कोडरने सी८३.३८ दिला, कारण मे महिन्यात तोच होता. पहिल्या ऑडिटरने तो खोडून झेड८५.७२ केला, कारण ‘एनईडी’. मुलगी माझ्याकडे आली, डोळे भरलेले. ‘मॅम, मला एरर लागला, पण तेही चूकच आहे ना?’

होतंच. दोघांनीही डॉक्टरांच्या तोंडी स्वतःचे शब्द घातले होते. डोव्हिल हा पेट स्कॅन वाचायचा पाच पायऱ्यांचा मापदंड आहे, १ ते ३ म्हणजे साधारणपणे उपचाराला चांगला प्रतिसाद. आपण ते वाचतो, आपल्याला अर्थही कळतो. पण ‘रेमिशन’ हा शब्द त्या नोटमध्ये कुठेच नाही, आणि ‘हिस्टरी ऑफ’ही नाही. सहा सायकल संपल्या म्हणजे आजार संपला, असं कोडरने म्हणायचं नसतं. मी क्वेरी टाकली. दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘कंप्लीट रेमिशन.’ कोड सी८३.३ए. दोन्ही एरर उडाले आणि माझी दोन दिवसांची झोपही, ते सोडा.

यातून काढायच्या गोष्टी: ‘एनईडी’, ‘कंप्लीट रिस्पॉन्स’, ‘स्कॅन क्लीन’ या शब्दांना स्वतः रेमिशन बनवू नका. ‘पार्शल रिस्पॉन्स’ला तर मुळीच नाही. एकाच व्हिजिटला सी८३.३८ आणि सी८३.३ए दोन्ही देऊ नका; आजार रेमिशनमध्ये आहे आणि चालूही आहे, असं एका दमात म्हणता येत नाही. आणि रेमिशन म्हणजे हिस्टरी नव्हे. रेमिशनमधला लिंफोमा कोडिंगच्या भाषेत अजून लिंफोमाच आहे.

ल्युकेमियाचं काम करून इकडे आलेले ‘रिलॅप्स’चा कोड शोधत बसतात. तिकडे रेमिशन आणि रिलॅप्स दोन्हींना वेगळं अक्षर आहे. डीएलबीसीएलमध्ये रिलॅप्सला वेगळं अक्षर नाही. आजार परत आला की ‘ए’ सोडून पुन्हा जागेच्या कोडवर यायचं, आणि जागा नवी असेल तर नवी घ्यायची. पहिल्यांदा मान होती म्हणून आताही मान धरायची नाही.

एक बारकावा: हा शेवटचा ‘ए’ सी८१ पासून सी८५ पर्यंतच्या गटांत आहे. सी८६ आणि सी८८ मध्ये पद्धत निराळी आहे, तिथे शेवटी ० म्हणजे रेमिशन आलेलं नाही आणि १ म्हणजे आलंय. पोटातला माल्ट लिंफोमा हाताळताना ‘ए’ शोधत बसू नका.

६. पहिला कोड कुठला

सगळे कोड बरोबर आणि क्रम चुकला, तरी क्लेम परत येतो. हे त्यातल्या त्यात सोपं आहे. प्रश्न एकच, पेशंट आज कशासाठी आला?

फक्त केमोसाठी आला असेल तर झेड५१.११ आधी, लिंफोमा नंतर. आर-चॉपमध्ये रिटुक्सिमॅब इम्युनोथेरपीत मोडतं आणि बाकीची केमो, म्हणून त्याच भरतीत दोन्ही दिली तर झेड५१.१२ सुद्धा जोडता येतो. या दोघांत आधी कुठला, यावर सक्ती नाही. केमोसाठी भरती झाली आणि तिथे असताना उलट्या, डिहायड्रेशन झालं, तरी पहिला मान झेड५१चाच.

घरी गेल्यावर ताप आला, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) खाली गेले आणि त्यासाठी भरती झाली, तर डी७०.१ पुढे येतो. सोबत औषधाच्या दुष्परिणामाचा टी४५.१एक्स५ए, तापाचा आर५०.८१, आणि मग लिंफोमा.

अॅनिमियात लोक कायम अडखळतात. आजारामुळे झालेला अॅनिमिया आणि त्यावर उपचारासाठी भरती: लिंफोमा आधी, डी६३.० नंतर. केमोमुळे झालेला: डी६४.८१ आधी, मग लिंफोमा आणि टी४५.१एक्स५ए. म्हणजे कारण बदललं की क्रम बरोब्बर उलटा. आणि नोटमध्ये नुसतं ‘अॅनिमिया, एक पिशवी रक्त दिलं’ असेल तर कारण आपण ठरवायचं नाही.

७. क्वेरी

इथवर येऊनही सुटलं नाही तर डॉक्टरांना विचारायचं. क्वेरी हे शेवटचं साधन आहे कारण ती महाग आहे: डॉक्टरांचा वेळ जातो, चार्ट दोन-चार दिवस अडकतो आणि क्लायंटच्या मॅनेजरचा मेल येतो. पण वाईट क्वेरी त्याहून महाग.

‘पेशंट रेमिशनमध्ये आहे, कृपया खात्री करा’ असं लिहिलंत तर उत्तर तुम्हीच तोंडात घातलं. ऑडिटमध्ये ही क्वेरी बाद होते आणि तिच्यावर बसवलेला कोडही. आधी चार्टमधलं जसंच्या तसं द्या: अमुक तारखेची नोट, पेटचं वाक्य, उपचाराची स्थिती. मग विचारा: या पेशंटच्या डीएलबीसीएलची सध्याची स्थिती कृपया नोंदवावी. पर्याय द्या: चालू, रेमिशनमध्ये, पूर्वेतिहास, अन्य, सांगता येत नाही. शेवटचे दोन गाळायचे नाहीत. आणि क्वेरीत पैशांचा, डिनायलचा, पेअरचा उल्लेख चुकूनही नको. ‘क्लेम अडकलाय, लवकर सांगा’ हे वाक्य मी दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा कंप्लायन्सची मीटिंग झालीय.

इथे हात काढून घ्या

काही चार्ट कोडरने एकट्याने सोडवायचे नसतात. हे दिसलं की लगेच वर पाठवा:

फॉलिक्युलर लिंफोमाचं डीएलबीसीएलमध्ये रूपांतर झालंय किंवा एकाच बायोप्सीत दोन्ही सापडलेत. सीएलएलच्या (एक प्रकारचा ल्युकेमिया) पेशंटमध्ये रिक्टर ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे त्याचं आक्रमक लिंफोमात रूपांतर. फिश रिपोर्टमध्ये मिक आणि बीसीएल२ या जनुकांची फेररचना आली आणि नोटमध्ये ‘डबल हिट’ किंवा ‘हाय-ग्रेड बी-सेल’ लिहिलंय. या नावांचं वर्गीकरण २०१६ आणि २०२२ मध्ये बदललं, डॉक्टर कधी जुनं नाव लिहितात कधी नवं. अवयव प्रत्यारोपणानंतर झालेला लिंफोमा. एचआयव्ही असलेल्या पेशंटचा लिंफोमा, कारण तिथे अख्खा क्रमच फिरतो. ऑन्कोलॉजिस्ट एक म्हणतो आणि अॅटेंडिंग, म्हणजे पेशंटची मुख्य जबाबदारी असलेला डॉक्टर, दुसरं. हा वाद अॅटेंडिंगनेच मिटवायचा, आपण मतदान घ्यायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तपासता तपासता लक्षात आलं की चुकीच्या कोडवर पैसे आधीच मिळालेत, तेही एकदा नाही, वर्षभर, तर तिथेच थांबा. टीमच्या ग्रुपवर टाकू नका, गुपचूप एकेक क्लेम दुरुस्तही करू नका. थेट कंप्लायन्सला कळवा. मेडिकेअरचे, म्हणजे अमेरिकन सरकारच्या आरोग्य विम्याचे, जादा मिळालेले पैसे लक्षात आल्यावर परत करायला कायद्याने ६० दिवसांची मुदत आहे आणि ते घड्याळ कोडरने सांभाळायचं नसतं. पण ‘मी बघितलं होतं, सांगितलं नाही’ हे मात्र तुमच्या नावावर राहतं.

आता कोड सुधारल्यानंतरचं. क्लेम क्लिअरिंग हाऊसमधूनच परत आला असेल तर पेअरच्या लेखी तो आलाच नाही. तो नवा म्हणून, फ्रीक्वेन्सी कोड १ वर पाठवा. पेअरने स्वीकारून डिनाय केला असेल तर कमर्शियल पेअरला फ्रीक्वेन्सी ७ (आधीच्या क्लेमच्या जागी दुरुस्त क्लेम) आणि मूळ क्लेमचा नंबर लागतो. तो नंबर विसरून नवा पाठवला की ‘डुप्लिकेट’ म्हणून डिनायल १८ येतो, आणि पुढच्या मंगळवारी तोच चार्ट पुन्हा माझ्या शीटवर.